रिंग आवळल्याने कॉइलओव्हरची स्प्रिंग कडक होत नाही

कॉइलओव्हरची (म्हणजे भोवती स्प्रिंग असलेल्या, आटे पाडलेल्या शॉकॲब्झॉर्बरची) स्प्रिंगखालची रिंग दोन-चार आटे वर चढवली की स्प्रिंग कडक होते, हा सोलापुरातील गाडीच्या हौशी मंडळींत वर्षानुवर्षे चालत आलेला समज चुकीचा आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवर ठरतो. रिंग फिरवून यांपैकी काहीच बदलत नाही. समजा, मिलिमीटरला 6 किलो दराच्या स्प्रिंगवर 300 किलो भार आहे; ती 50 मिलिमीटर दबणारच. रिंगने तिला आधीच 10 मिलिमीटर दाबून ठेवले, तर गाडीच्या वजनाने ती उरलेली 40 दबेल, म्हणजे गाडी 10 मिलिमीटर उंच बसेल, आणि पुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला पुन्हा 6 किलोच लागतील. (दबत जाईल तशी कडक होणाऱ्या प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगची गोष्ट निराळी.)

मग रिंग आवळल्यावर विजापूर रस्त्यावरच्या खड्ड्यांत गाडी जास्त का आदळते? चाकाला खाली उतरायला जागा कमी उरते आणि शॉकॲब्झॉर्बर पूर्ण ताणला जाऊन धक्का देतो; त्यालाच लोक कडकपणा समजतात. खरोखर कडक स्प्रिंग हवी असेल तर ती बदलावीच लागते, आणि तीही चाकापाशी काय पोहोचते याचा हिशेब करून: चाक 1 मिलिमीटर हलताना स्प्रिंग 0.7 मिलिमीटरच दबत असेल, तर 0.7 च्या वर्गाने गुणल्यावर 8 किलोच्या स्प्रिंगचे चाकापाशी जेमतेम 3.9 किलो उरतात.