पोह्यांवरची शेव आणि बाळाची बोटे

इंदूरच्या घरात रविवारी सकाळी पोह्यांची बशी पुढे आली की वरची शेव कोण संपवते, हे सांगण्याची गरज नाही. रामबागेतल्या आमच्या घरी सध्या हे काम चौदा महिन्यांच्या नातीकडे आहे. लसणीची तिखट शेव तिच्या वाट्याला येत नाही. साध्या बारीक शेवेचे चार-सहा तुकडे तिच्या ताटलीत टाकले की ती तर्जनी आणि अंगठा यांची टोके जुळवून, उरलेली तीन बोटे आत मुडपून, एकेक काडी उचलते. काडी मोडली तर मोडलेल्या दोन्ही तुकड्यांकडे आळीपाळीने पाहते आणि लहान तुकडा आधी घेते. सहा महिन्यांपूर्वी हेच मूल समोरची वस्तू अख्ख्या पंजाने आपल्याकडे ओढत असे.

नवजात बाळाच्या तळहातावर आपले बोट ठेवले तर ते घट्ट धरले जाते, पण ती पकड प्रतिक्षिप्त असते आणि साधारण पाच-सहा महिन्यांत ओसरते. त्यानंतर इच्छेने धरणे येते: आधी पंजाने, मग अंगठा आणि बोटांच्या बाजूने, आणि दहा ते बारा महिन्यांच्या सुमारास टोकाला टोक लावून. धरण्यापेक्षा सोडणे अवघड असते, हे मात्र आपल्या सहज लक्षात येत नाही. वर्षाच्या आसपास मूल वाटीतला चमचा पुन्हा पुन्हा खाली टाकते, आजी तो उचलून देते आणि ते पुन्हा टाकते. घरात याला खोडी म्हणतात. मला तो बोटे हुकमाने उघडण्याचा सराव वाटतो, म्हणून मी निमूट वाकतो.

आपल्या डाव्या हाताने उजवी कोपराखालची बाजू धरून उजवी बोटे हलवून पाहावीत. कातडीखाली स्नायू सरकताना जाणवतात. बोटांना वाकवणारे आणि सरळ करणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात आणि लांब कंडरांच्या दोऱ्यांनी बोटे ओढतात. तळव्यातले छोटे स्नायू त्या ओढीला नेमकेपणा देतात. मनगटात आठ छोटी हाडे असतात, पण जन्माच्या वेळी ती बहुधा सगळी कूर्चेचीच, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक अशा पदार्थाची, असतात. पहिल्या वाढदिवसाला काढलेल्या एक्स-रेमध्ये साधारणपणे त्यांतली दोनच दिसतात आणि शेवटच्याचे हाड व्हायला आठ ते बारा वर्षे लागतात. म्हणून लहान हाताला काम देऊ नये, असे नव्हे; कूर्चाही भार पेलते. घाई करू नये, इतकेच त्यातून निघते. मेंदूतही हाताला जागा मोठी लागते. कॅनडातील मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९३७ मध्ये सहकाऱ्यासह मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या हालचालींचा नकाशा मांडला, त्यात हात आणि चेहरा यांचा वाटा त्यांच्या आकाराच्या मानाने कितीतरी अधिक होता.

शरीरावरचा ताबा साधारणपणे मध्याकडून टोकाकडे येतो. खांदा आणि पाठ डळमळत असतील तर बोटे नेमके काम करू शकत नाहीत, त्यामुळे ओल्या फडक्याने फरशी पुसणाऱ्या, परातीपुढे मांडी घालून बसणाऱ्या मुलाची तयारी पाटीपुढे बसवलेल्या मुलापेक्षा अधिक होते, असे मला वाटते.

माळव्यात थंडी पडली की घरोघरी मटार सोलण्याची बैठक बसते. नातीचा साडेतीन वर्षांचा भाऊ त्या बैठकीला असतो. शेंग सोलताना दोन हात दोन वेगळी कामे करतात: डावा शेंग स्थिर धरतो, उजवा तिची शिवण शोधतो. त्याला शिवण सापडत नसे, म्हणून त्याच्या आईने देठाकडचे टोक मोडून दोरा थोडा ओढून दिला. तेवढ्यावर त्याने पुढची शेंग स्वतः फोडली. मग अंगठा आतून फिरवून दाणे काढायचे, ते भांड्यात टाकायचे, सालपट दुसरीकडे. दाणा नको तितका दाबला की फुटतो आणि कमी दाबला की सुटत नाही, म्हणजे दाबाचे माप शेंगच शिकवते. पहिल्या दिवशी निम्मे दाणे चेपलेले होते. ते उसळीत खपले.

कणकेचा उंडा दाबून त्याचे साप करणे हेही याच जातीचे काम आहे. कणीक थोडी घट्ट असली तर हाताला विरोध अधिक मिळतो. फुलपात्रातून वाटीत पाणी ओतताना मनगट वळवावे लागते आणि सांडते, त्यासाठी मोरीत बसवावे हे उत्तम. डब्यांची झाकणे फिरवणे, मोज्यांच्या जोड्या लावणे, केळे सोलणे यांना वेगळी तयारी लागत नाही. रांगोळीऐवजी तांदळाचे पीठ चिमटीत देऊन ओळ ओढायला सांगितली तर सोडण्याचे बारीक नियंत्रण लागते; तीन वर्षांच्या आत ते फारसे जमत नाही, नुसता ढीग होतो.

काचेच्या पडद्यावर बोट फिरवताना मात्र काहीच दाबावे, पिळावे, तोलावे लागत नाही. सगळी चित्रे सारखीच गुळगुळीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात एक वर्षाच्या मुलांना बसून पडदा पाहू देऊ नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासापेक्षा अधिक देऊ नये, असे सांगितले आहे. पेन्सिलची घाई तशीच. शहरातल्या एका बालवर्गाने आमच्या नातवाला अडीचाव्या वर्षी अक्षरे गिरवायला दिली. तो पेन्सिल मुठीत धरून कागद फाडत असे, आणि तक्रार मात्र त्याच्याविषयी आली. तीन बोटांची पकड साधारण साडेतीन-चार वर्षांनी दिसू लागते आणि ती सराईतपणे हलायला पाच-सहा वर्षे लागतात. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमला बालगृह काढले, त्यात पुढे ओतणे, पुसणे, गुंडी लावणे ही कामे शिक्षणाचा भाग झाली. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले आणि ताराबाई मोडकांनी तो विचार मराठीत आणला. शंभर वर्षांनंतरही आपण पाटीच पुढे करतो.

तीन वर्षांखालील मूल हाती लागेल ते तोंडात घालते. मटाराचे कच्चे दाणे, मणी, भाजलेले शेंगदाणे यांनी श्वास कोंडू शकतो. सोलण्याच्या वेळी मोठे माणूस शेजारी हवे आणि दाणे मोजून परत घ्यावेत. खेळण्यातली चपटी बटणासारखी बॅटरी गिळली गेली तर काही तासांत अन्ननलिका जळते, ती घरात उघडी ठेवूच नये. एक वर्षाच्या आतच मूल कायम एकच हात वापरत असेल, किंवा वर्ष उलटून काही महिन्यांनीही चिमटीत काही धरत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

सध्या आमच्या गच्चीवर कपड्यांचे चिमटे नातवाकडे आहेत. नवे चिमटे त्याला दाबले जात नाहीत, म्हणून स्प्रिंग सैल झालेले जुने वेगळे काढून दिले आहेत. त्याचे रुमाल खालच्या दोरीवर वाळतात, आणि एका रुमालाला सात चिमटे असतात.