साधी अस्थिपुटी : बालकांतील उपचार व पुनरुद्भव

साधी अस्थिपुटी म्हणजे वाढत्या वयात लांब हाडाच्या टोकाजवळ तयार होणारी, पातळ अस्तर असलेली व पिवळसर द्रवाने भरलेली पोकळी होय. ती कर्करोग नव्हे. बहुतेक रुग्ण वीस वर्षांच्या आतले असतात आणि मुलींपेक्षा मुलग्यांत ती सुमारे दुपटीने आढळते. दंडाच्या हाडाचा खांद्याकडील आणि मांडीच्या हाडाचा खुब्याकडील भाग या तिच्या नेहमीच्या जागा आहेत. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडोल्फ फिर्खो यांनी १८७६ मध्ये तिचे वर्णन केले. हाडातील नीलांचा निचरा अडल्याने द्रव साचतो, ही उपपत्ती दीर्घकाळ मानली गेली. अलीकडे काही पुटींच्या पेशींत एनएफएटीसी२ या जनुकाची पुनर्रचना आढळल्याने तिला खरे, पण सौम्य अर्बुद (गाठ) मानण्याकडे कल वाढला आहे.

पुटी सहसा दुखत नाही. किरकोळ पडण्याने हाड मोडते आणि क्ष-किरण चित्रात ती प्रथम दिसते. अस्थिभंग झाला की पुटीही आपोआप भरून येईल, अशी आशा पालकांना वाटते. ती स्वाभाविक असली तरी क्वचितच खरी ठरते. मोडलेले हाड नेहमीप्रमाणे जुळते, पोकळी मात्र बहुधा तशीच राहते.

पूर्वी पुटी खरवडून त्या जागी अस्थिकलम (दुसरीकडून घेतलेले हाडाचे तुकडे) भरत असत, परंतु ती वारंवार परत येई. इटलीतील ऑस्कर स्कालिएत्ती यांनी १९७९ मध्ये मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुईने पुटीत सोडण्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि मोठ्या शस्त्रक्रियेला सोपा पर्याय मिळाला. ही सुई अनेकदा पुन्हा द्यावी लागते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत (कोणत्या रुग्णाला कोणता उपचार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून केलेल्या तुलनेत) स्टेरॉइड दिलेल्यांपैकी ४२ टक्के, तर अस्थिमज्जा टोचलेल्यांपैकी २३ टक्के पुटी भरून आल्या. म्हणजे त्यांतल्या त्यात सरस ठरलेल्या उपचारानेही निम्म्याहून अधिक मुलांची पुटी भरली नव्हती. हाडाला आधार देत आतला द्रव वाहता ठेवणाऱ्या लवचिक टायटॅनियम सळ्याही वापरल्या जातात.

पुनरुद्भव, म्हणजे पुटी परत येणे, केवळ उपचाराच्या निवडीवर ठरत नाही. मूल दहा वर्षांहून लहान असेल आणि पुटी हाडाच्या वाढीच्या चकतीला (टोकाजवळच्या, हाडाची लांबी वाढवणाऱ्या कूर्चेच्या थराला) लागून असेल, तर ती परत येण्याचा संभव बराच अधिक असतो. वाढीबरोबर चकती पुटीपासून दूर सरकते, पुटीची सक्रियता मंदावते आणि हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर ती बहुधा शांत होते. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के लांबी खांद्याकडील चकतीतून वाढत असल्यामुळे तेथे आक्रमक खरवड करून हात आखूड होण्याचा धोका पत्करण्यापेक्षा, हाडाची भिंत पुरेशी जाड असल्यास, वाट पाहणे पुष्कळदा अधिक शहाणपणाचे असते. खुब्याजवळ हा सबुरीचा न्याय लागू पडत नाही. मांडीच्या हाडाची मान मोडल्यास खुबा वाकडा होऊ शकतो किंवा हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून तेथे अस्थिकलम व धातूचा आधार लवकर दिला जातो.

रक्ताने भरलेली, वेगाने फुगणारी धमनीविस्फारसदृश अस्थिपुटी हा वेगळा विकार आहे. तिच्यात बहुधा यूएसपी६ जनुकाची पुनर्रचना असते आणि खरवडल्यानंतर तीही परत येऊ शकते. सुईतून रक्त आले एवढ्यावरून मात्र निदान करता येत नाही, कारण नुकत्याच झालेल्या अस्थिभंगानंतर साध्या पुटीतील द्रवही रक्तमिश्रित असतो. शंका असल्यास एमआरआय व ऊतिपरीक्षा (तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) करूनच उपचार ठरवावे लागतात.