‘हो’च्या पलीकडची गोष्ट

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला ‘तुला इथे राहायला आवडते ना?’ असे विचारले की अनेकदा ‘हो’ असे उत्तर मिळते, आणि थोड्या वेळाने ‘तुला इथे राहणे नकोसे वाटते का?’ असे विचारले तरी पुन्हा ‘हो’च ऐकू येऊ शकते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरल सिगेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये हा होकाराकडचा कल पद्धतशीरपणे नोंदवला. कधी प्रश्न नीट उमगलेला नसतो, तर कधी समोरच्याला दुखवायचे नाही हे वर्षानुवर्षांच्या अनुभवाने अंगवळणी पडलेले असते. अशा व्यक्तींच्या कहाण्या केवळ मुलाखतींतून गोळा केल्या, तर त्यांत विचारणाऱ्याचेच म्हणणे उमटण्याचा धोका राहतो. सामुदायिक कलेची, म्हणजे लोकांनी एकत्र येऊन घडवलेल्या कलेची, खरी गरज मला इथेच दिसते.

स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात 1990च्या दशकात विकसित झालेल्या ‘टॉकिंग मॅट्स’ या पद्धतीत एका चटईच्या वरच्या कडेला ‘आवडते’, ‘ठीक’ आणि ‘आवडत नाही’ अशी चिन्हे असतात, आणि व्यक्ती एकेक चित्र हवे त्या चिन्हाखाली ठेवते. चित्र डोळ्यांसमोरच राहते, त्यामुळे आधीचे बोलणे लक्षात ठेवण्याचा ताण हलका होतो आणि मत बदलले तर ते उचलून दुसरीकडे ठेवता येते. छायाचित्रण, मातीकाम किंवा नाट्य यांच्या कार्यशाळांतही हीच सोय असते.

ज्युडिथ स्कॉट यांचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. 1943 मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या ज्युडिथ यांना डाउन सिंड्रोम (बौद्धिक वाढीवर परिणाम करणारी जन्मजात स्थिती) होता, शिवाय ऐकूही येत नव्हते. मात्र हे बहिरेपण बरीच वर्षे कोणाच्या लक्षातच आले नाही. तोंडी प्रश्नांना उत्तरे देत नाही म्हणून ही मुलगी शिकूच शकणार नाही असे ठरवले गेले, आणि सातव्या वर्षी संस्थेत ठेवल्यावर त्यांची सुमारे 35 वर्षे संस्थांतच गेली. जुळी बहीण जॉयस यांनी त्यांना बाहेर आणले, आणि 1987 मध्ये त्या कॅलिफोर्नियातील ऑकलंडमधील ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ या कलाकेंद्रात जाऊ लागल्या. चित्रकलेत त्यांचे मन रमले नाही. पुढे धाग्यांच्या कार्यशाळेत मात्र हाताला लागेल ती वस्तू घेऊन तिच्याभोवती सूत, दोरे आणि चिंध्या गुंडाळायला त्यांनी सुरुवात केली: एक वेढा, त्यावर दुसरा, मध्येच गाठ, पुन्हा वेढा, अगदी आतली वस्तू दिसेनाशी होईपर्यंत. काम कधी पूर्ण झाले हे त्या स्वतःच ठरवत. 2005 मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी अशी सुमारे 200 शिल्पे घडवली. त्यांतल्या काहींत एकमेकांना बिलगलेले दोन आकार दिसतात आणि जुळ्या बहिणीची आठवण होते. पण तसे त्यांनी कधी सांगितले नाही, आणि त्यांच्या वतीने आपणही ते ठामपणे सांगू नये.

दिव्यांग व्यक्तींविषयी प्रेक्षकांच्या मनातील पूर्वग्रह मात्र नुसत्या दर्शनाने जात नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडले, की दोन गटांतील अंतर कमी होण्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट आणि एकत्र काम लागते. ऑस्ट्रेलियातील जिलाँग शहरात 1987 मध्ये सुरू झालेल्या ‘बॅक टू बॅक थिएटर’मध्ये दिव्यांग नट नाटकांच्या निर्मितीतही सहभागी असतात, म्हणून प्रेक्षकांपुढे ते कलावंत म्हणूनच उभे राहतात.

संमती एकदाच घेऊन भागत नाही; कलाकृती लोकांपुढे नेण्याच्या प्रत्येक टप्प्यावर ती पुन्हा, समजेल अशा रीतीने घ्यावी लागते. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी एखाद्याने स्वतःचे छायाचित्र चटईवर ‘आवडत नाही’च्या खाली सरकवले, तर ते निमंत्रणपत्रिकेवर छापून झालेले असले तरी भिंतीवरून उतरवायला हवे.