पाचशे ग्रॅमचा दावा आणि पंचवीस डबे

नागपूरच्या संत्रा बर्फीच्या एखाद्या डब्यावर ‘निव्वळ वजन ५०० ग्रॅम’ असे छापलेले असले, तरी प्रत्येक डबा काट्यावर नेमका तेवढाच भरेल, अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. पारखायचा असतो तो त्या कारखान्यातून निघणाऱ्या सर्व डब्यांच्या सरासरी वजनाचा दावा. सगळेच डबे फोडून तोलले, तर विकायला काही उरणार नाही. संख्याशास्त्रात डब्यांच्या या संपूर्ण समूहाला समष्टी म्हणतात आणि तिच्या सरासरीविषयीचा दावा मोजक्या नमुन्यावरून तपासण्याच्या रीतीला परिकल्पना चाचणी.

समजा, वेगवेगळ्या दिवशीच्या मालातून यादृच्छिक पद्धतीने २५ डबे निवडले आणि त्यांतील बर्फीचे सरासरी वजन ४९६ ग्रॅम, तर प्रमाण विचलन, म्हणजे वजने सरासरीभोवती किती पसरली आहेत याचे माप, १० ग्रॅम निघाले. चार ग्रॅमची तूट दिसते खरी. पण समष्टीची सरासरी ५०० असतानाही नमुन्याची सरासरी थोडी खालीवर होणारच. ती साधारण किती हलते, हे प्रमाण त्रुटीवरून कळते: १० ला २५ च्या वर्गमुळाने, म्हणजे ५ ने भागले की २ ग्रॅम. तूट या मापाच्या दुप्पट आहे, म्हणून टी-मूल्य, म्हणजे फरक प्रमाण त्रुटीच्या किती पट आहे हे सांगणारा आकडा, उणे २.

समष्टीचे प्रमाण विचलन ठाऊक असते, तर पुढचे काम घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्राच्या कोष्टकाने भागले असते. बहुधा ते नमुन्यावरूनच अंदाजावे लागते आणि लहान नमुन्यात तो अंदाजही डळमळीत असतो. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी या अडचणीवरचा मार्ग १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केला. वजने साधारणपणे प्रसामान्य वितरणाची असतील, तर गॉसेट यांचे टी-वितरण येथे लागू पडते.

खरी गंमत टी-वितरणाचे कोष्टक उघडल्यावर आहे. ५ टक्के सार्थकता पातळी, म्हणजे खरा दावाही चुकून फेटाळण्याची पत्करलेली जोखीम, ही केवळ रूढी आहे, पण तीच धरू. ‘वजन कमी भरते का?’ एवढाच ग्राहकाचा प्रश्न असेल, तर २४ स्वाधीनता मात्रांसाठी (डब्यांच्या संख्येपेक्षा एक कमी) सीमामूल्य उणे १.७११ आहे; उणे २ त्याच्याही पलीकडे जाते आणि ५०० ग्रॅमचा दावा फेटाळला जातो. कारखानदाराला मात्र जास्त भरलेली बर्फीही परवडत नाही. ‘वजन ५०० पेक्षा वेगळे आहे का?’ असे त्याने विचारले, की सीमा दोन्ही बाजूंना २.०६४ होते आणि त्याच २५ डब्यांवरून दावा फेटाळता येत नाही. म्हणजे तो सिद्ध झाला असे नव्हे. त्याविरुद्धचा पुरावा अपुरा पडला, इतकेच. यात विसंगती नाही, कारण प्रश्नच दोन आहेत. आकडे पाहून झाल्यावर सोयीचा प्रश्न निवडणे ही मात्र लबाडी ठरते, कारण मग ५ टक्के या आकड्याला काही अर्थच राहत नाही.

एकाच बाजूचा प्रश्न विचारणारी चाचणी एकपुच्छ, दोन्ही बाजूंचा विचारणारी दुपुच्छ. दुपुच्छ चाचणीत पी-मूल्य सुमारे ०.०५७ येते. दावा खरा असण्याची शक्यता ५.७ टक्के, असा त्याचा अर्थ सर्रास लावला जातो आणि तो चुकीचा आहे. दावा खरा धरला, तर निदान इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची ती शक्यता असते.

शंभर डबे तोलून हीच सरासरी आणि हेच विचलन आले असते, तर प्रमाण त्रुटी १ ग्रॅमवर आणि टी-मूल्य उणे ४ वर गेले असते, आणि एकपुच्छ की दुपुच्छ हा वाद उरलाच नसता. अर्थात डब्यांची ही संख्याही आधीच ठरवावी लागते. निकाल मनासारखा येईपर्यंत एकेक डबा वाढवत नेल्यास खरा दावाही केव्हातरी फेटाळला जाण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या बरीच वर जाते.