फॅनझिन आणि प्रोझिन: जुनं कव्हर दिसलं की गोंधळ होतोच

परवा एका ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "जगातलं पहिलं सायन्स फिक्शन फॅनझिन, १९२६." फोटोत अमेझिंग स्टोरीज या अमेरिकन विज्ञानकथा मासिकाचं पहिलं कव्हर, कडी असलेला भला मोठा ग्रह आणि खाली बर्फावर स्केटिंग करणारी माणसं. कव्हर झकासच आहे, फ्रँक पॉलने काढलेलं. पण ते फॅनझिन, म्हणजे वाचकांनी हौसेने घरी काढलेला अंक, नाही हो, अजिबात नाही. मी तिथे दोन ओळी टाईप केल्या, मग चार झाल्या, मग म्हटलं जाऊदे, नीटच लिहावं एकदा, कारण हा घोळ मी किमान पाचव्यांदा बघतोय.

तर अमेझिंग स्टोरीज हा सरळसरळ धंदा होता. न्यूयॉर्कचा ह्युगो गर्न्सबॅक, आधीपासून रेडिओची मासिकं काढणारा माणूस, त्याने एप्रिल १९२६ मध्ये हे सुरू केलं, किंमत २५ सेंट. छापखाना, वितरक, स्टॉल, जाहिराती, पगारी संपादक सगळं रीतसर. याला फॅन लोकांच्या भाषेत प्रोझिन म्हणतात, म्हणजे प्रोफेशनल मासिक. पल्प हा शब्द पण इथेच ऐकू येतो, तो कागदावरून आला, लाकडाच्या लगद्याचा स्वस्त खरबरीत कागद, चार वर्षांत पिवळा पडणारा. सगळी प्रोझिन्स पल्प कागदावर नव्हती (सुरुवातीचं अमेझिंग चांगलं मोठ्या आकाराचं, जाड कागदाचं होतं), पण ढोबळमानाने चालतं.

फॅनझिन म्हणजे तेच मासिक वाचणाऱ्या पोराने घरी बसून, स्वतःच्या खिशातले पैसे घालून काढलेला अंक. प्रती पन्नास, शंभर, फार तर दोनशे. स्टॉलवर मिळत नाही, पोस्टाने येतो.

आता गंमत अशी की दुसरं पहिल्याच्याच पोटातून निघालं. अमेझिंगमध्ये वाचकांच्या पत्रांचं सदर होतं आणि गर्न्सबॅक पत्राखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता छापायचा. आज ऐकून अंगावर काटा येईल, पण तेव्हा त्याने काय झालं बघा, कुठल्यातरी आडगावातल्या पोराला, ज्याला घरचे "हे काय राक्षस आणि रॉकेटं वाचतोस" म्हणून बोलायचे, त्याला अचानक कळलं की आपल्यासारखा अजून एक वेडा शिकागोत आहे आणि हा घ्या त्याचा पत्ता. मग एकमेकांना थेट पत्रं सुरू झाली, मग क्लब झाले, मग क्लबांची पत्रकं. मे १९३० मध्ये सायन्स करस्पाँडन्स क्लबने 'द कॉमेट' काढलं, संपादक रेमंड पामर, आणि बहुतेक जण यालाच पहिलं फॅनझिन मानतात. लगेच जुलैत न्यूयॉर्कच्या सायन्सिअर्स नावाच्या टोळीने 'द प्लॅनेट' काढलं.

यातला मजेचा भाग म्हणजे पामरला तेव्हा आपण फॅनझिन काढतोय हे माहीतच नव्हतं, कारण तो शब्दच नव्हता! लोक फॅनमॅग म्हणायचे. फॅनझिन हा शब्द रस शोव्हने नावाच्या फॅनने ऑक्टोबर १९४० मध्ये स्वतःच्या अंकात वापरला आणि तो चिकटला. म्हणजे बारसं दहा वर्षांनी.

बनवायचे कसे हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण खरा फरक हाताला कळतो. सगळ्यात स्वस्त पद्धत हेक्टोग्राफ. जिलेटिन आणि ग्लिसरीन वितळवून एका पसरट ट्रेमध्ये ओतायचं, ते खरवसासारखं थिजतं. खास शाईने एक मूळ पान लिहायचं किंवा टाईप करायचं आणि ते पालथं त्या खरवसावर दाबून ठेवायचं, शाई त्यात उतरते. मग मूळ पान काढून टाकायचं आणि कोरे कागद एकेक करून ठेवायचे, हात फिरवायचा, सोलून काढायचे. प्रत्येक कागद थोडी शाई घेऊन जातो, त्यामुळे पहिली प्रत गडद जांभळी, विसावी बरी आणि पन्नासाव्याच्या आसपास नुसती सावली. म्हणजे तुम्हाला अंकाची कितवी प्रत आली यावरून संपादकाच्या मनात तुमची जागा काय आहे ते कळत असणार असं आपलं मला वाटतं 😄

पुढची पायरी मिमिओग्राफ, म्हणजे आपलं सायक्लोस्टाईल. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी शाळेत सायक्लोस्टाईलचे चाचणी पेपर दिलेत त्यांना तो शाईचा वास आत्ता आला असेल. मेणाचा थर दिलेलं स्टेन्सिल, टाईपरायटरची रिबन बाजूला करायची म्हणजे अक्षर थेट मेण कापतं, त्या भोकांतून शाई कागदावर येते. जोरात टाईप केलं की इंग्रजी ओ चं पोट गळून पडायचं आणि छापल्यावर तिथे काळा गोळा. चूक झाली तर नेलपॉलिशसारखं द्रव लावून भोक बुजवायचं, वाळेपर्यंत थांबायचं, मग त्यावर परत टाईप. या द्रवाला फॅन लोक कॉरफ्लू (करेक्शन फ्लुइडचं लघुरूप) म्हणायचे आणि या शब्दावर त्यांचे इतके विनोद आहेत की पुढे फॅनझिनवाल्यांच्या एका संमेलनाचं नावच कॉरफ्लू पडलं. शेवटी सगळी पानं टेबलावर गठ्ठ्याने मांडायची आणि टेबलाभोवती चक्कर मारत एकेक उचलायचं, पिना मारायच्या. तीस पानांचा अंक, शंभर प्रती, हिशोब तुम्हीच करा किती चकरा.

इथवर ऐकून माणसं म्हणतात की अच्छा म्हणजे फॅनझिन म्हणजे गरीब, कच्चं, आणि प्रोझिन म्हणजे दर्जेदार. नाही ना, इथेच पाय घसरतो. द फॅन्टसी फॅन नावाचं फॅनझिन सप्टेंबर १९३३ ते फेब्रुवारी १९३५ चाललं, १८ अंक, त्यात भयकथा लिहिणारा लव्हक्राफ्टसारखा माणूस फुकट लिहीत होता. आणि चार्ल्स हॉर्निग, जो ते काढायचा, त्याचा अंक बघून गर्न्सबॅकने त्याला थेट आपल्या वंडर स्टोरीज या प्रोझिनचा संपादक केलं. वय १७! उरलेली शाळा त्याने संध्याकाळच्या वर्गांत पुरी केली. म्हणजे दिवसा प्रोझिन, रात्री अभ्यास आणि मधल्या वेळात फॅनझिन, कारण ते त्याने बंद केलं नाही लगेच.

बरं मग पैसे हा निकष लावू. प्रोझिन लेखकाला पैसे देतं, फॅनझिन देत नाही. हा बऱ्यापैकी चालतो, पण गर्न्सबॅककडे पोचला की यालाही तडा जातो, कारण हा गृहस्थ पैसे बुडवण्यासाठी प्रसिद्ध होता. लव्हक्राफ्ट त्याला पत्रांत 'ह्युगो द रॅट' म्हणायचा. १९३४ मध्ये वंडर स्टोरीजने डोनाल्ड वोलहाइम नावाच्या तरुण फॅनची पहिली कथा छापली, दहा डॉलर व्हायचे, ते आलेच नाहीत. पोरगं गप्प बसलं नाही, त्याने अशाच बुडालेल्या बाकीच्यांना गोळा केलं, वकील गाठला, पैसे काढले. नंतर त्याची सायन्स फिक्शन लीगमधून, म्हणजे गर्न्सबॅकनेच वाचकांसाठी काढलेल्या संस्थेतून, हकालपट्टी झाली ती वेगळी. (मानधनाच्या चेकची वाट बघत पुढची दिवाळी उजाडलेला मी एकटा नाही, त्यामुळे वोलहाइमबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे.)

उलट बाजूने पण तेच. फॅनझिनला किंमत असायची, दहा सेंट, पंधरा सेंट. पोस्टाने नाणं पाठवायचं म्हणजे पुठ्ठ्याला चिकटवून, त्यामुळे चिकट नाणी हा फॅनझिन संपादकाच्या आयुष्यातला रोजचा पदार्थ. पण त्या पैशात कागद आणि तिकिटं निघाली तरी नशीब.

माझ्या मते खरा फरक पैशाचा नाहीच, वाचक कोण आहे याचा आहे. प्रोझिनचा वाचक म्हणजे गिऱ्हाईक. २५ सेंट दिले, मासिक घेतलं, विषय संपला. फॅनझिन मात्र हळूहळू अशा रीतीवर आलं की पैसे नाही दिलेत तरी चालेल, पण गप्प बसायचं नाही. सविस्तर पत्र लिहा, किंवा लेख पाठवा, किंवा तुमचं फॅनझिन काढून आम्हाला धाडा. या तिन्हीला मिळून त्यांच्यात 'द युज्वल' म्हणतात, आपण नेहमीचंच म्हणू. नुसतं वाचून मूग गिळून बसणाऱ्याचं नाव यादीतून कटायचं. १९३७ मध्ये वोलहाइम आणि जॉन मिशेल यांनी तर याच्या पुढची पायरी गाठली, फापा नावाची संस्था काढली, प्रत्येक सभासदाने आपला अंक काढून ठराविक प्रती एका माणसाकडे पाठवायच्या, तो सगळ्यांचे गठ्ठे बांधून दर तीन महिन्यांनी सगळ्यांना पाठवणार. वाचक वेगळा असा शिल्लकच नाही. सुरुवातीला सभासद ५०, हेक्टोग्राफचा आकडा आठवला ना?

आणि यातूनच दुसरा मोठा गैरसमज सुटतो, की फॅनझिन म्हणजे हौशी लोकांच्या कथा. कथा असायच्या, पण बऱ्याच अंकांत त्या तोंडी लावायला. मुख्य जेवण म्हणजे कुठल्या प्रोझिनमध्ये पुढच्या महिन्यात काय येतंय, कुठला संपादक चुकला, कोण कुणाला काय म्हणालं, आणि भांडणं! न्यूयॉर्कला २ जुलै १९३९ ला पहिलं वर्ल्डकॉन, म्हणजे विज्ञानकथावाल्यांचं जागतिक संमेलन, झालं, साधारण दोनशे माणसं, आणि दारातच सहा जणांना अडवलं, त्यात वोलहाइम होता, फ्रेडरिक पोल होता. आयोजकांना भीती की ही डावी मंडळी आत पत्रकं वाटणार. बाहेरच्या वाचकाला याचं काय पडलंय, पण फॅनझिनवाल्यांनी हे प्रकरण वर्षानुवर्षं चघळलं, आणि आयोजकांपैकी सॅम मॉस्कोविट्झने पुढे १९३० च्या दशकातल्या या सगळ्या गटबाजीचा अख्खा इतिहास लिहिला, तोही आधी एका फॅनझिनमध्येच क्रमशः. एवढंच काय, त्या काळच्या फॅन लोकांत फॅन फिक्शन म्हणजे आजच्यासारखं दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहिलेलं नव्हे, तर चक्क फॅन लोकांविषयीच्या कथा. स्वतःवरच खूश मंडळी.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं ऐकून लघुअनियतकालिकं आठवतात, मलाही आठवली, चित्रे-कोलटकर मंडळींचं 'शब्द' सुद्धा १९५० च्या दशकात सायक्लोस्टाईलवरच निघालं. पण मशीन एक म्हणून घर एक नाही. आपली ती मंडळी प्रस्थापित मासिकांवर चिडून वेगळी झालेली, आणि हे फॅन लोक प्रस्थापित मासिकाची स्टॉलवर उभं राहून वाट बघणारे. शिव्या द्यायचे, पण पुढचा अंक कधी येतो म्हणून.

म्हणूनच इकडून तिकडे जाणारे इतके दिसतात. कॉमेटवाला पामर १९३८ मध्ये खुद्द अमेझिंगचाच संपादक झाला. दारात अडवलेला पोल वर्षभराच्या आत, जेमतेम विशीचा असताना, दोन प्रोझिन्स सांभाळत होता. इंग्लंडात तर माणसाऐवजी मासिकच पलीकडे गेलं, मार्च १९३६ मध्ये नुनीटन गावात सुरू झालेलं नोव्हे टेरे हे फॅनझिन, १९३९ मध्ये नाव बदलून न्यू वर्ल्ड्स झालं आणि महायुद्ध संपल्यावर १९४६ ला रीतसर छापील प्रोझिन म्हणून बाजारात आलं. अधांतरी राहिलेले पण आहेत, ना धड घरचे ना धड बाजारचे, आणि ते फॅनझिनची बक्षिसं उचलायला लागले म्हणून विज्ञानकथेचे ह्युगो पुरस्कार देणाऱ्यांनी १९८४ पासून सेमीप्रोझिन अशी वेगळी वर्गवारीच केली.

हे सगळं मी ग्रुपवर थोडक्यात टाकलं. त्यावर त्याच माणसाने अर्ध्या तासात दुसरा फोटो टाकला, कव्हरवर मोठ्या अक्षरांत 'सायन्स फिक्शन', आणि खाली, "मग हे तरी प्रोझिन ना, नाव बघा की."

तर नाही हो. ते क्लीव्हलंडच्या जेरी सिगल नावाच्या पोराचं सायक्लोस्टाईल फॅनझिन, अंक निघाले एकूण पाच. जानेवारी १९३३ च्या तिसऱ्या अंकात त्याने टोपणनावाने एक कथा लिहिली आणि चित्रं काढली त्याचा मित्र जो शुस्टरने. कथेतला माणूस टकला आहे, दुष्ट आहे, दुसऱ्याच्या मनातलं वाचतो आणि त्याला जग जिंकायचंय. नाव सुपरमॅन. केस, लाल केप आणि चांगुलपणा नंतर आला, १९३८ मध्ये, आणि तो दहा सेंटच्या छापील कॉमिकमधून.