राज्यसमाजवाद

उत्पादनाची प्रमुख साधने राज्यसंस्थेच्या मालकीची वा नियंत्रणाखाली आणून सामाजिक न्याय साधता येतो, असे मानणारी समाजवादी विचारधारा. राज्यसंस्था अखेर लयाला जाईल हे मार्क्सवादी भाकीत आणि तिला मुळातच नाकारणारा अराज्यवाद, या दोहोंपासून ती वेगळी पडते.

तिचा आरंभ सामान्यतः फ्रेंच समाजवादी लुई ब्लांच्या १८३९ च्या सुमाराच्या लेखनापासून मानतात. जर्मनीत फेर्दिनांद लासालने १८६३ मध्ये लाइपझिग येथे कामगार संघटना स्थापून सार्वत्रिक मताधिकार आणि कामगारांच्या उत्पादक सहकारी संस्थांना सरकारी पतपुरवठा अशा मागण्या पुढे आणल्या. जर्मन समाजवाद्यांच्या १८७५ च्या गोथा कार्यक्रमात हा पतपुरवठा शिरला, तेव्हा मार्क्सने त्यावर कडक टीका केली. ती १८९१ मध्ये प्रसिद्ध झाली. जर्मन चान्सलर बिस्मार्कने आजारपण (१८८३), अपघात (१८८४) आणि वार्धक्य (१८८९) यांसाठी विम्याचे कायदे केले. त्यांनाही पुष्कळदा राज्यसमाजवाद हेच नाव देतात. मात्र समाजवादी संघटनांवर १८७८ पासून बंदी घालणाराही तोच होता, हे पाहता त्या कायद्यांना समाजवादी म्हणणे फारसे पटत नाही.

भारतात या विचाराची सर्वांत रेखीव मांडणी भीमराव रामजी आंबेडकर यांनी संविधान सभेसाठी तयार केलेल्या, १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात आढळते. कळीचे उद्योग राज्याने स्वतः चालवावेत, विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असे त्यात म्हटले आहे. शेतीही राज्याचा उद्योग ठरते. मालक, कुळे व गहाणदार यांचे हक्क राज्याने संपादन करून मोबदल्यात कर्जरोखे द्यावेत. रोखे वारसांकडे जातील, जमीन मात्र परत मिळणार नाही. जमिनीचे ठराविक आकाराचे भाग पाडून ते जातिधर्मभेद न करता गावातील कुटुंबगटांना सामूहिक कसणुकीसाठी द्यावेत. पाणी, बैल, अवजारे, खत व बियाणे यांचा खर्च राज्याने पुरवावा. भूमिहीनांत अस्पृश्यांचे प्रमाण मोठे असल्याने नुसत्या कूळकायद्याने त्यांच्या हाती काही पडणार नाही, असा यामागचा विचार.

या योजनेच्या मुळांविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक फेबियन, म्हणजे क्रमाक्रमाने समाजवाद आणू पाहणाऱ्या ब्रिटिश गटाच्या, प्रभावावर भर देतात, तर काहींना सोव्हिएत सामूहिक शेतीची छाया दिसते. तथापि शेतीच्या तुकड्यांवरील आंबेडकरांचा १९१८ चा निबंध आणि कोकणातील खोती (मध्यस्थ जमीनदारी) नष्ट करण्यासाठी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी मांडलेले विधेयक पाहता देशी अनुभवाचे पारडे जड वाटते. ही अर्थव्यवस्था बदलत्या बहुमतावर न सोडता संविधानातच नोंदवावी आणि तरीही संसदीय लोकशाही टिकवावी, हा आग्रह मात्र खास त्यांचा होय. हुकूमशाही टाळायची, पण समाजवादही पुढच्या निवडणुकीत बुडू द्यायचा नाही, असा हा दुहेरी पेच.

संविधान सभेचे सदस्य के. टी. शाह यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदाच्या मसुद्यात ‘समाजवादी’ शब्द घालण्याची सूचना केली, तेव्हा आंबेडकरांनी तिला विरोध केला. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे लोकांनी वेळोवेळी ठरवावे, असे ते म्हणाले. याला काही टीकाकार घूमजाव म्हणतात. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांच्यावर असलेली मर्यादा, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य दिसते.

याउलट समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी चौखंबा (गाव, जिल्हा, प्रांत व केंद्र अशा चार स्तरांच्या) राज्याच्या कल्पनेतून सत्तेच्या विकेंद्रीकरणावर भर दिला. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ मध्ये झाले. आंबेडकरांच्या योजनेतील सक्तीचा विमा आणि राज्याच्या मालकीची शेती या तरतुदी मात्र कागदावरच राहिल्या.