पेव फुटलं, पण माल किती भिजला?

आपल्या वर्तमानपत्रांत बारा महिने कसलं ना कसलं पेव फुटलेलं असतं. कधी अकॅडम्यांचं, कधी ढोल-ताशा पथकांचं, निवडणूक जवळ आली की शुभेच्छांच्या फलकांचं. वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. पण हीच बातमी सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात पारावर मोठ्यानं वाचून बघा. हळदीची पोती वाहिलेला एखादा जुना हमाल दचकून विचारेल, "फुटलं? मग माल किती भिजला वो?"

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, आत रांजणासारखं फुगत गेलेलं, साधारण 20-25 फूट खोल. पूर्वी गावोगाव अशा पेवांत ज्वारी असायची. हरिपूर कृष्णा-वारणेच्या संगमावरचं. तिथली माती अशी घट्ट, की आत ओल झिरपत नाही. म्हणून सांगलीच्या व्यापाऱ्यांनी तिथं हळद ठेवली. भिंतींना वाळका पाला लावायचा, हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आतली हवा कोंडून प्राणवायू संपत जातो, कीड जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. (नाहीतरी 'पी हळद अन् हो गोरी' ही घाई हळद पिकवणाऱ्याला परवडणारी नाही, नऊ महिने तर ती शेतातच असते.)

किडीला जे लागू, तेच माणसालाही. त्यामुळे पेव उघडलं की कुणी लगेच उडी मारत नाही. तोंड मोकळं करून काही तास हवा खेळू द्यायची, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. तो विझला तर गडी वरच थांबणार.

वाक्प्रचारात उरली ती फक्त नंतरची गंमत: काल जिथं नुसती जमीन दिसत होती, तिथून आज रासच्या रास बाहेर. मधला कंदील गळून पडला. शब्दशः घ्यायचं तर पेव आपोआप फुटत नाही, ते जपून फोडावं लागतं.

आपोआप फुटल्यासारखं झालं ते 2005च्या महापुरात. पाणी पेवांत शिरलं, पोतीच्या पोती हळद नासली. त्यानंतर व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर हरिपूरच्या पेवांचा दबदबा ओसरला होता.

पारावरच्या त्या हमालाला अकॅडम्यांचा खुलासा केलात, तरी त्याची शंका काही फिटायची नाही. तो विचारेलच, "ते आसू दे. पोरं आत सोडायच्या आदी कंदील सोडून बगितला का न्हाई?"